आठ कोपऱ्यांवर टांगलेला ठोकळा

टर्नर्स क्यूब म्हणजे ठोकळ्याच्या पोटातला सुटा ठोकळा. सहाही बाजूंना एकेक गोल खिडकी, खिडकीआड दिसणारा आतला ठोकळा तिच्यातून बाहेर पडणार नाही एवढा मोठा, आणि अख्ख्या वस्तूत कुठेही सांधा नाही, डाग दिलेला नाही, स्क्रू नाही. हातात घेणारा हमखास विचारतो, हा आत घातला कसा? घातलेला नाही. धातूचा एकच तुकडा सहा बाजूंनी कोरत गेलं की मधे जे उरतं, तोच आतला ठोकळा. कोडं म्हणून पाहणाऱ्याचं समाधान इथे होतं आणि तो वस्तू टेबलावर परत ठेवतो. माझं पाहणं इथून पुढे सुरू होतं. आतला ठोकळा सुटण्याआधी ज्या आठ इवल्याशा कोपऱ्यांवर टांगलेला असतो, त्या कोपऱ्यांत या वस्तूचा सगळा रस साठलेला आहे, असं माझं मत आहे. तयार वस्तूत ते जोड दिसत नाहीत, कारण ते कापूनच ती तयार झालेली असते. पण ते कुठे होते, किती जाड होते आणि कोणत्या क्रमाने तुटले, हे पितळेवर वाचता येतं.

माझ्यासमोर आहे तो क्यूब पितळेचा आहे. चिंचवडच्या एका निवृत्त मशिनिस्ट काकांनी घरच्या मिलिंग मशीनवर केलेला. बाहेरची बाजू ३६ मिलिमीटर, आतल्या ठोकळ्याची २० मिलिमीटर, प्रत्येक खिडकीचा व्यास २७ मिलिमीटर. या तीन आकड्यांत सगळी रचना आली, म्हणून जरा त्यांच्याजवळ थांबू.

२० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण होतो २८.३ मिलिमीटर. खिडकी २८.३ पेक्षा मोठी ठेवली, तर सहा बाजूंनी कोरणं पूर्ण होताच आतला ठोकळा आपोआप सुटा होईल, पण मग तो खिडकीतून सरळ बाहेरही घरंगळेल. खिडकी लहान ठेवली तर तो आतच राहील, पण सुटणार नाही. त्याचे आठही कोपरे बाहेरच्या चौकटीला चिकटलेले राहतील. म्हणजे जे माप त्याला कैद करतं, तेच त्याला सुटू देत नाही. काकांनी २७ निवडला. त्यामुळे खिडकीतून समोर पाहिलं की आतल्या ठोकळ्याची चौकोनी बाजू जवळजवळ पूर्ण दिसते, फक्त तिचे चार कोपरे खिडकीच्या काठाआड जातात. किती आड? कर्णाच्या दिशेने जेमतेम ०.६ मिलिमीटर. खिडकी २४ ची असती तर कोपरे दोन मिलिमीटरांहून जास्त झाकले गेले असते, ठोकळा हलायला तेवढाच मोकळा राहिला असता, पण पाहणाऱ्याला तो बंदिस्त वाटला असता. इथे तो आता निसटेल, आता निसटेल असं वाटतं आणि निसटत नाही. ही ओढ ०.६ मिलिमीटरने निर्माण केलेली आहे. धाडसाचं माप आहे ते, कारण व्यास थोडा जरी वाढला असता तर सगळंच फसलं असतं.

आता क्यूब थोडा तिरका धरा, म्हणजे एक कड डोळ्यांसमोर येईल. चौकटीच्या बारा कडा म्हणजे बारा दांडे. प्रत्येक दांडा मधोमध सर्वांत बारीक आहे, साडेचार मिलिमीटर, आणि दोन्ही टोकांना कोपऱ्यांकडे जाताना भरत जातो. दांड्याच्या आतल्या अंगाला एक धारदार कमान आहे. ही कमान कुणी आखलेली नाही, कोरलेलीही नाही. शेजारशेजारच्या दोन बाजूंतून आत गेलेली दोन सारख्याच व्यासाची गोल भोकं जिथे एकमेकांना भेटली, तिथे ती उमटली. ४५ अंशांतून पाहिली तर ती लंबवर्तुळाचा तुकडा दिसते. दांड्याच्या लांबीच्या दिशेने पाहिली तर नुसती सरळ रेघ. एकाच कडेची ही दोन रूपं हातातल्या हातात वस्तू फिरवताना आलटून पालटून दिसतात. मला या क्यूबमधलं सर्वांत देखणं काही वाटत असेल, तर या बारा कमानी. आतल्या ठोकळ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कमानींकडे फारच थोड्यांचं.

कमानी खोटं बोलू देत नाहीत. सहा भोकांचे अक्ष एकाच बिंदूत मिळाले असतील तरच कमान एका सपाट पातळीत राहते. एखादं भोक दोन दशांश मिलिमीटर सरकलं, की कमान मुरडते, आणि खिडकीतून पाहिलं तर एका बाजूचे कोपरे काठाआड जास्त लपलेले, समोरच्या बाजूचे कमी, असं दिसतं. मोजपट्टीची गरज नाही. चार सारख्या गोष्टी शेजारी असल्या की एकीतला फरक डोळा लगेच पकडतो. म्हणून या वस्तूची खरी सुरुवात भोकांपासून होत नाही, ठोकळा काटकोनात आणण्यापासून होते. आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडच्या मुलांना मिलिंगवर हेच आधी करायला लावतात: ओबडधोबड तुकडा सहा बाजूंनी गुण्यात आणणं. पहिली बाजू सपाट केली की ती व्हाइसच्या स्थिर जबड्याला टेकवायची, आणि हलत्या जबड्याच्या बाजूला गोल सळीचा तुकडा घालून आवळायचं. सळी एकाच रेषेत टेकते, त्यामुळे समोरची अजून वाकडीच असलेली बाजू आपला वाकडेपणा जॉबवर लादू शकत नाही. तयार बाजू स्थिर जबड्याला पूर्ण बसते आणि पुढची बाजू तिच्याशी काटकोनात निघते. एवढीशी सळी, पण बाराच्या बारा कमानींचा सरळपणा तिच्यापासून सुरू होतो.

या कामाची परंपरा मोठी आहे, आणि ती आश्चर्यकारक रीतीने राजवाड्यांतून आलेली आहे. सोळाव्या शतकात सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट स्वतः लेथवर हस्तिदंत कातत असे. ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्ट संग्रहात त्या दरबारातलं कातकाम आजही पाहायला मिळतं. १७०१ मध्ये शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाने कातकामावर सचित्र ग्रंथ काढला. रशियाच्या पीटर द ग्रेटकडे तर खास नक्षीच्या लेथ होत्या आणि तो त्यांच्यावर स्वतः काम करायचा. पुढे लंडनमध्ये होल्झॅफेल घराण्याने हौशी श्रीमंतांसाठी तशाच नक्षीच्या लेथ बनवल्या. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक सुरू केलं, तोवर ही हौस कारकून, शिक्षक, रेल्वेतले फिटर यांच्या घरामागच्या शेडमध्ये पोचली होती. पूर्वेकडे चीनमध्ये ग्वांगझूच्या कारागिरांनी हस्तिदंताच्या एकाच गोळ्यात एकात एक असे कितीतरी सुटे गोळे कोरले. बाहेरून केंद्राकडे निमुळती भोकं पाडायची आणि वाकड्या हत्याराने आतल्या आत एकेक थर सोडवायचा. पद्धत तीच, टर्नर्स क्यूबची.

आणि दक्षिणेतल्या देवळांत आपण याली या काल्पनिक प्राण्याच्या दगडी जबड्यात बोट घालून आतला गोटा फिरवतो, तेव्हा वेगळं काय करत असतो? दातांच्या फटीतून बाहेर न येणारा तो गोटा त्याच दगडाचा असतो, तोंडातल्या तोंडात सुटा केलेला. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ देवळातल्या मंडपाच्या कोपऱ्यांना एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबतात, त्याही याच कुळातल्या. हे पाहिलेल्या माणसाला टर्नर्स क्यूब परका वाटायचं कारण नाही. फरक आहे तो भूमितीचा. यालीच्या तोंडातला गोटा हवा तसा फिरतो. क्यूबच्या आतला ठोकळा गोट्यासारखा गोल नाही, त्याला कोपरे आहेत. तो दीड मिलिमीटर इकडे, दीड मिलिमीटर तिकडे सरकतो, कलतो, पण ते कोपरे त्याला कोणत्याही खिडकीतून बाहेर पडू देत नाहीत. मोकळा आहे आणि तरी शिस्तीत आहे. गोळ्यापेक्षा मला क्यूब जास्त आवडतो तो यासाठी.

घरचं मिलिंग मशीन म्हणजे टेबलावर मावणारं, पन्नास-साठ किलोंचं यंत्र. कारखान्यातल्या मशीनचं वजन टनात मोजतात. तिथे कट घेताना जॉब हलायचा प्रश्न येत नाही. इथे येतो. कट जरा खोल गेला की स्पिंडल थरथरतं, आवाज बदलतो आणि धातूवर बारीक लाटा उमटतात. हँडव्हील उलट फिरवलं की सुरुवातीला टेबल हलतच नाही, कारण स्क्रू आणि नट यांच्यातला झोल आधी भरून निघावा लागतो. म्हणून प्रत्येक माप एकाच दिशेने येऊन गाठायचं, पुढे गेलं तर मागे बरंच येऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं. असं मशीन घाई सहन करत नाही. या क्यूबच्या भोकांच्या भिंती हाताला काचेसारख्या लागतात, त्यामागे फार हलके हलके घेतलेले कट आहेत. पितळ या कामाला सोयीचं. त्यात ३ टक्क्यांच्या आसपास शिसं घातलेलं असलं की चुरा बारीक तुटून पडतो, गुंतवळ होत नाही, आणि कूलंटशिवाय कोरडंच कापता येतं. ॲल्युमिनियम टूलच्या धारेला चिकटतं, त्याला रॉकेलचे थेंब लागतात. पण पितळाचीही एक खोड आहे: ड्रिल तीक्ष्ण कोनाचं असेल तर पितळ त्याला आत ओढून घेतं. जाणते लोक धार दगडावर घासून किंचित बोथट करतात, तेव्हा कुठे ते शहाण्यासारखं कापतं.

कोरायला घेतलेला भरीव ठोकळा जवळपास ४०० ग्रॅमचा असतो. तयार क्यूबचं वजन त्याच्या निम्मंही भरत नाही, १७० ग्रॅमच्या आसपास; त्यातले ६८ ग्रॅम एकट्या आतल्या ठोकळ्याचे. बाकीचं पितळ चुरा होऊन ट्रेमध्ये पडलेलं.

सहाही भोकं ८ मिलिमीटर खोल कोरून झाली, की आतला ठोकळा पूर्ण दिसू लागतो. त्याच्या कडा मध्ये मोकळ्या झालेल्या असतात, पण आठही कोपरे चौकटीत रुतलेले. यानंतर येतो टी-स्लॉट कटर: बारीक मान आणि खाली चपटी चकती. तो खिडकीतून सरळ खाली उतरवायचा, तळाशी आणायचा आणि बाजूला सरकवून रोटरी टेबल हळूहळू फिरवायचं, म्हणजे चकती भोकाच्या भिंतीखाली शिरून कोपरे कापते. एका बाजूने हे केलं म्हणून कोपरा सुटत नाही. प्रत्येक कोपरा तीन बाजूंचा असतो. तीनही बाजूंनी चकती फिरून जाईपर्यंत तो चौकटीला धरून असतो. पाच बाजू झाल्या की खालचे चार कोपरे मोकळे झालेले असतात, वरचे चार बाकी. त्या क्षणी ६८ ग्रॅमचा ठोकळा चार जोडांवर लोंबत असतो, आणि प्रत्येक जोड म्हणजे ज्याची कड एक मिलिमीटरही भरत नाही असा त्रिकोण.

इथे सहावी बाजू कापायला घ्यायची. रोटरी टेबल फिरू लागलं की चारातला पहिला कोपरा तुटतो, मग दुसरा, मग तिसरा. तसंच सोडून दिलं तर एकाच कोपऱ्यावर उरलेला ठोकळा फिरत्या चकतीच्या धक्क्याने मुरडतो, चकतीत अडकतो आणि स्वतःच्या बाजूवर एक खोल ओरखडा घेऊन तुटतो. बाहेरून हात पोचत नसल्यामुळे तो ओरखडा नंतर कशानेही जात नाही. म्हणून सहाव्या बाजूआधी उरलेल्या पाच खिडक्यांतून वितळलेलं मेण ओतून आतली सगळी पोकळी भरून घेतात. काहीजण खिडक्यांच्या मापाचे बुच कातून बसवतात. काकांनी मेण वापरलं होतं. मेणाने धरलेला ठोकळा चौथा कोपरा तुटला तरी जागचा हलत नाही. मशीनवर काही घडल्यासारखं वाटतही नाही. पुढे क्यूब गरम पाण्यात टाकतात, मेण वितळून वर येतं आणि पाण्यातून काढून हलवला की आत पहिल्यांदा आवाज होतो.

काका तयार क्यूब पाहत नाहीत, आधी कानाशी नेऊन हलवतात. “बघ, कान लाव,” म्हणाले, “आठही कोपरे स्वच्छ सुटले असतील तर आवाज खणखणीत येतो. एखाद्या कोपऱ्यात बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कुसळ, राहिली असेल तर ठोकळा तिथे घासतो आणि आवाज दबतो.” मी लावला. त्यांच्या या क्यूबचा आवाज स्वच्छ आहे, किंचित घंटेकडे झुकणारा.

चौकट पोकळ होत जाते तशी ती नाजूकही होत जाते, हे आणखी एक. भरीव ठोकळा व्हाइसमध्ये हवा तेवढा आवळावा. पाच भोकं झाल्यावर तसाच आवळला तर दांडे दबतात, दबलेल्या अवस्थेत भोक गोल कापलं जातं आणि व्हाइस सोडल्यावर दांडे परत फुलून ते भोक लंबगोल होतं. म्हणून शेवटच्या दोन खिडक्या नीट पाहाव्यात. या क्यूबच्या सहाही खिडक्यांत मला फरक काढता आला नाही. पहिल्या बाजूला आणि सहाव्या बाजूला हाताचा जोर वेगळा लावावा लागतो, आणि निकाल मात्र सारखा यावा लागतो. सगळ्यांत अवघड गोष्ट बहुधा ही असेल.

आता मतभेदाचे मुद्दे. हौशी मंडळींत एकात एक चार-पाच ठोकळे काढण्याची चढाओढ असते. कौशल्य त्यात नक्कीच जास्त लागतं. पण पाचव्या ठोकळ्यापर्यंत उजेड पोचत नाही, कमानी एकमेकींवर चढतात आणि नजर ठरत नाही. मोजण्यापलीकडे पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दोन ठोकळ्यांचा क्यूब मला पाच ठोकळ्यांच्या क्यूबहून सरस वाटतो. तीनापर्यंत मी समजू शकतो. दुसरा मुद्दा पॉलिशचा. बफिंगच्या चाकावर नेलेलं पितळ आरशासारखं चमकतं, पण चाक कडा खाऊन टाकतं. कमानीची धार गोलावली, खिडकीचा काठ मऊ झाला, की ०.६ मिलिमीटरची ती ओढ विरघळून जाते. काकांनी बाहेरच्या बाजू फ्लाय कटरने मारून तशाच ठेवल्या आहेत. त्या कटरने पितळावर उमटवलेल्या बारीक कमानदार रेघांवर उजेड पंख्यासारखा उघडत-मिटत फिरतो. कडांना अर्ध्या मिलिमीटरचा तिरका चॅम्फर, बाकी काही नाही. लॅकरही नाही. पुढे बोटांच्या स्पर्शाने उठावाच्या कडा उजळ राहतील आणि खोलातल्या भिंती काळवंडतील, तेव्हा ही वस्तू आणखी चांगली दिसेल असा माझा अंदाज आहे.

सीएनसी मशीनवरही असे क्यूब होतात आणि ते वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही कोपऱ्यांचा हाच पेच सोडवावा लागतो, मेणाचा किंवा बुचांचा विचार त्यालाही करावा लागतो. घरच्या मशीनवरच्या क्यूबमध्ये मला जास्त वाचायला मिळतं एवढंच. इथे प्रत्येक बाजूला कटरची खोली हाताने लावलेली असते, त्यामुळे प्रत्येक बाजूची खूण थोडी निराळी राहते.

ती खूण शोधायची जागा सांगतो. क्यूब एका हातात धरून कलता करा, म्हणजे आतला ठोकळा एका खिडकीपासून मागे सरकेल. मग त्या खिडकीतून शेजारच्या दांड्याखाली, तिरक्या उजेडात, ठोकळ्याच्या कोपऱ्याकडे पाहा. चौकोनी बाजूवर कोपऱ्याच्या अगदी जवळ एक अस्पष्ट वर्तुळाकार रेघ जाते. रेघेच्या आतला भाग भोक कोरणाऱ्या कटरने, एन्ड मिलने, सपाट केलेला, बाहेरचा इवला त्रिकोण टी-स्लॉट कटरने. दोन वेगळी हत्यारं, मशीनवर दोन वेळा लावलेली दोन वेगळी मापं. ती दोन्ही एकाच पातळीत आली असतील तर रेघेवर फक्त चकाकी बदलते. नसतील तर सुईचं टोक तिथे अडतं. काकांच्या क्यूबमध्ये चोवीस ठिकाणी सुई फिरवून पाहता येते, सहा बाजू आणि प्रत्येकीचे चार कोपरे. एकवीस ठिकाणी ती अडखळत नाही. उरलेली तीन एकाच बाजूची आहेत, आणि ती बाजू कितवी कापली गेली असेल, ते मी काकांना विचारलं. पहिली, ते म्हणाले.